यात्रेकरूचे नाव काय होते?

१९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने एका तैलचित्राला सुवर्णपदक दिले. चित्रकार होते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. चित्राचे नाव 'मोहमेडन पिलग्रिम', म्हणजे मुसलमान यात्रेकरू. 'मोहमेडन' हा त्या काळच्या इंग्रजी कागदोपत्री रुळलेला शब्द. आपण स्वतःला तसे म्हणवून घेत नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. या शीर्षकात एक गोष्ट नाही आणि आम्हाला तीच सलते. त्या माणसाचे नाव.

चित्र काढणाऱ्याचे नाव कलेच्या इतिहासात पक्के झाले. पदकाचे साल नोंदले गेले. ज्याचा चेहरा रंगवला तो मात्र 'यात्रेकरू' म्हणूनच राहिला. तो कोणाचा बाप, कोणाचा दादा, कोणत्या गावचा, हे शीर्षक सांगत नाही. आपल्या घरातल्या बुजुर्गांचेही काहीसे असेच होत चालले आहे, म्हणून हा लेख.

हळदणकर आणि तो काळ

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. कोकणातून ते मुंबईला आले, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ मध्ये 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन करणाऱ्यांतही ते होते. त्यांचे एक चित्र तर आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा मोबाइलवर पाहिलेले असेल: हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले हे 'ग्लो ऑफ होप' चित्र पुष्कळ लोक राजा रविवर्म्यांचे समजतात. ते हळदणकरांचे आहे, जलरंगातले आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. मुलीचे नाव टिकले, कारण घरच्यांनी ते सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले.

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. हिचे पदक म्हणजे त्या काळी चित्रकाराच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. १८९५ मध्ये ते महादेव विश्वनाथ धुरंधरांना मिळाले होते. हेच धुरंधर पुढे खारला 'अंबासदन' बंगल्यात राहिले. पुढे १९३७ मध्ये अमृता शेरगिलला याच संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. आज सोसायटीची स्वतःची इमारत वांद्र्याला रेक्लमेशनवर आहे. म्हणजे ज्या संस्थेने त्या यात्रेकरूच्या चित्राला पदक दिले, तिच्या दारापर्यंत अंधेरी-बोरिवलीच्या वाचकांना लोकलने जाता येते, आणि घाटकोपरच्या वाचकांना मेट्रोने अंधेरीला येऊन पुढे लोकल धरता येते.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. हजला जाणारा माणूस तेव्हा मुंबई बंदरातून आगबोटीत बसत असे. कोकणातला असेल तर गावाहून मुंबईपर्यंतचा प्रवासही बऱ्याचदा बोटीनेच. पुढे अरबी समुद्र, मग तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर साथीच्या रोगांसाठी तपासणी, आणि त्यानंतर हिजाजचा किनारा. १९२४ च्या ऑक्टोबरात मक्का इब्न सौदच्या फौजांच्या ताब्यात गेली होती आणि १९२५ मध्ये जेद्दा बंदराला वेढा पडलेला होता. त्या वर्षीच्या हाजींना राबिगसारख्या लहान बंदरांवर उतरावे लागले. मुलींची लग्ने झाली, कर्ज फिटले, शेताची व्यवस्था लागली, की मगच बहुतेक जण या वाटेला लागत. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी 'हाजी' म्हटले की पांढरी दाढीच डोळ्यांसमोर येते. मुंबईहून बोटीने हजला जाणे १९९५ पर्यंत चालू होते. आपल्या घरात आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कोणी ना कोणी आपल्या वडिलांना बोटीवर पोचवले असेल. ती आठवण त्यांच्याकडे आहे. आपण विचारलेली नाही, एवढेच.

म्हातारा चेहरा कसा रंगवतात

तैलचित्र काढायला वेळ लागतो. हा वेळ कुठे जातो ते समजले, की अशा चित्राकडे पाहण्याची नजर बदलते.

बसणाऱ्याला खुर्चीवर बसवतात. प्रकाश एकाच बाजूने, शक्यतो उत्तरेच्या खिडकीतून, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करतात, म्हणजे विश्रांतीनंतर माणूस पुन्हा त्याच जागी बसेल. वीस-पंचवीस मिनिटे झाली की थांबायचे, पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे. म्हातारा माणूस असेल तर आणखी लवकर. कॅनव्हासवर आधी कोळशाने ठेवण बांधतात: कपाळ किती, गालाचे हाड कुठे, मान कोणत्या बाजूला कललेली. मग सावल्या पातळ रंगाने आणि उजेड जाड रंगाने चढवत जातात. तैलरंगात बहुधा जवसाचे तेल असते. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होते. म्हणून एक थर वाळायला काही दिवस लागतात आणि चित्रकाराला पुन्हा बसावे लागते. बसणाऱ्यालाही.

तरुण चेहऱ्याची कातडी ताणलेली असते. म्हाताऱ्या चेहऱ्यावर कातडीखालचे सगळे वर आलेले दिसते: कानशिलावरची शीर, पापणीखालची पिशवी, दात गेल्यामुळे आत ओढलेला ओठ. दाढी पांढरी म्हणून पांढरा रंग लावला, तर तो कापूस दिसतो. जाणता चित्रकार तिच्यात करडा, निळसर, सावलीकडे थोडा तपकिरी रंग भरतो, आधी तिचा सबंध आकार पकडतो आणि शेवटी कडेचे दोन-चार केसच सुटे काढतो. बसून बसून माणूस थकला की डोळे विझतात. तेव्हा चित्रकार बोलायला लागतो. गाव कुठले, धंदा काय, मुले किती. डोळ्यांत जीव परत येतो आणि ब्रश पुन्हा चालू लागतो. चांगल्या व्यक्तिचित्रातली अर्धी किमया या गप्पांत असते, असे आमचे मत आहे.

मुंबईत ही परंपरा जिवंत आहे. आपले वासुदेव कामत लोकांसमोर बसून व्यक्तिचित्राची प्रात्यक्षिके करतात. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचे सर्वोच्च 'ड्रेपर' पारितोषिक मिळाले, तेही स्वतःच्या पत्नीच्या चित्राला. असे प्रात्यक्षिक कुठे असेल तर मुलांना घेऊन जरूर जा. एक माणूस दुसऱ्या माणसाकडे दोन तास नुसता बघतो आहे, हे दृश्य आजकाल दुसरीकडे दिसत नाही.

नाव हरवलेले बुजुर्ग

नाव हरवण्याचा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. हॉलंडचा रेम्ब्रांट हा म्हाताऱ्या चेहऱ्यांचा सर्वांत मोठा चित्रकार मानला जातो. १६४५ चे त्याचे एक तैलचित्र लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. काठीवर हात ठेवून बसलेला एक वृद्ध. जगभरचे लोक ते पाहायला जातात. चित्राचे नाव आहे 'एका वृद्धाचे व्यक्तिचित्र'. बस्स, एवढेच.

याच रेम्ब्रांटबद्दलची एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. हा माणूस आपल्या देशाबाहेर गेला नाही, पण मुघल दरबारातली लघुचित्रे त्याच्यापर्यंत पोचली होती आणि त्याने त्यांच्यावरून वीसहून अधिक रेखाटने केली. त्यातले एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: झाडाखाली बसलेले चार शेख. म्हाताऱ्यांना समजून घ्यायला युरोपातला हा उस्ताद आपल्याकडच्या कागदांसमोर बसला होता.

मुघल चित्रकारांनी तर बुजुर्गांना बादशहांच्या वर बसवले. बिचित्रने साधारण १६१५ ते १६१८ च्या दरम्यान काढलेले एक चित्र आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. जहांगीर सिंहासनावर बसला आहे आणि हातातली किताब एका पांढऱ्या दाढीच्या शेखांना देतो आहे. शेखांच्या खाली तुर्कस्तानचा सुलतान, त्याच्या खाली इंग्लंडचा राजा जेम्स, आणि सगळ्यांत खाली खुद्द चित्रकार. हे शेख अजमेर दर्ग्याचे शेख हुसैन असे अभ्यासक मानतात. बादशहाने किताब द्यायची तर म्हाताऱ्या फकिराला द्यावी, हा त्या चित्राचा अर्थ शाळेतले पोरही सांगू शकेल.

आपल्या भिंती आणि शब्दांतले चित्र

इथे काही वाचक थांबतील आणि विचारतील, की घरात तस्वीर लावायची का? सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि फोटोबद्दलही सगळे एका सुरात बोलत नाहीत. बऱ्याच घरांत भिंतीवर आयत असते, काबा शरीफचे चित्र असते, माणसाचे चित्र नसते. ज्या घराचा जो रिवाज, त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा.

पण चेहरा नीट पाहणे आणि जपून ठेवणे, याला रंग लागतोच असे नाही. आपल्या परंपरेत याचा फार मोठा दाखला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कसे दिसत, कसे चालत, कसे हसत, हे सहाबांनी शब्दांत सांगून ठेवले. इमाम तिर्मिजींनी अशा रिवायती 'शमाइल' या ग्रंथात एकत्र केल्या. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत तर हेही येते, की आपच्या डोक्यात आणि दाढीत मिळून वीसही पांढरे केस नव्हते. विचार करा, किती प्रेमाने आणि किती जवळून पाहिले असेल! तुर्कस्तानच्या हाफिज उस्मान (१६४२ ते १६९८) या खुशनवीसाने अशाच वर्णनाला सुंदर अक्षरांच्या चौकटीत बसवले. त्याला 'हिल्या' म्हणतात आणि ते घराघरांच्या भिंतींवर लागले. चित्र एकही नाही, तरी पाहणे पुरेपूर.

अक्षर आणि रंग यांचे नाते आपल्या महाराष्ट्रातही आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. त्यांच्या घराण्यात कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. त्याच घरातला मुलगा मुंबईला जे. जे. मध्ये शिकायला आला आणि पुढे कोटितीर्थाच्या काठी बसून पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला. १९३१ मध्ये ते वारले. मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

आठवीचा निबंध

आम्ही शिक्षक. 'माझे आजोबा' हा निबंध दरवर्षी तपासतो. 'माझे आजोबा फार प्रेमळ आहेत. ते रोज पहाटे उठतात. ते मला गोष्टी सांगतात.' एकाच गाइडातून उतरवलेले शंभर आजोबा. प्रत्यक्षात पहाटे उठणारे, गोष्टी सांगणारे ते आजोबा आमच्या उपनगरात वन रूम किचनमध्ये पलंगाच्या एका टोकाला बसलेले असतात. टीव्ही दुसऱ्या कोणाचा, पंखा दुसऱ्या कोणाच्या सोयीचा. असरनंतर मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसतात, तेवढाच काय तो त्यांचा स्वतःचा वेळ.

गेल्या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गाला निबंध वेगळा दिला. आजोबांसमोर किंवा नानींसमोर वीस मिनिटे बसायचे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. चेहऱ्यावर आणि हातांवर जे दिसते ते दहा वाक्यांत लिहायचे. 'प्रेमळ' हा शब्द वापरायचा नाही. आणि वर लिहायचे: पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्यांत वरची ओळ कोरी होती. मुलांना 'दादा', 'नाना', 'अब्बाजी' ठाऊक, नाव ठाऊक नाही. काहींच्या घरी तर नावावरून वाद झाला, कारण रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरे आणि गावच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेच.

पण खालच्या दहा ओळी वाचताना आम्ही पेन खाली ठेवले. एका मुलीने लिहिले, की नानांच्या उजव्या भुवईतला एक केस सगळ्यांत लांब आहे आणि तो हसताना हलतो. एका मुलाने आजोबांच्या डाव्या अंगठ्याचे फाटलेले नख पाहिले, विचारले, तेव्हा कळले की ते तरुणपणी गोदीत माल उतरवत आणि पेटीखाली अंगठा सापडला होता. घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, त्याच्या वडिलांनाही नाही. आणखी एकाचे दादा आता माणसे विसरतात. नातू समोर बसला तर त्याला आपला धाकटा भाऊ समजले आणि वीस मिनिटे त्याचा हात धरून गावच्या विहिरीबद्दल बोलत राहिले. मुलाने लिहिले होते, 'मी त्यांना सांगितले नाही की मी तो नाही.'

त्या दादांचा पुढे रमजानमध्ये इंतकाल झाला. त्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो लावत नाहीत. जनाजानंतर काही दिवसांनी मुलाचे वडील शाळेत आले आणि निबंधाची वही मागितली. आम्ही ती शेऱ्यासकट दिली. आता ते पान घराच्या कागदपत्रांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे, असे मुलाने सांगितले. वर दादांचे पूर्ण नाव आहे, त्यांच्या वडिलांचे नाव आहे, गाव आहे. आणि त्यांच्या हाताची बोटे कशी होती, हेही आहे.

घरी काय करता येईल

यासाठी चित्रकार बोलावण्याची गरज नाही, खर्च नाही. एक वही पुरे.

पहिले, नाव. बुजुर्गांना स्वतःच्या तोंडून नाव सांगू द्या, पूर्ण, आणि ते सांगतात तसेच लिहा. शक्य असेल तर त्यांच्याच हाताने, उर्दूत, मराठीत, येईल त्या अक्षरात. अंगठा उठवत असतील तर अंगठाही चालेल.

दुसरे, फोटो असतील तर मागे लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. बॉलपेनने जोर देऊन लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उठतो. मऊ पेन्सिल वापरा. कोणाच्या घरी जुने तैलचित्र असेल तर कॅनव्हासवर काही लिहू नका, चौकटीला मागून चिठ्ठी बांधा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर असे चित्र टांगू नये, आणि ओल्या फडक्याने ते कधीही पुसू नये. मोबाइलमध्ये हजार फोटो असले तरी नाव कोणत्याच फोटोवर नसते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरे, बैठक. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे. औषधाची वेळ विचारायला नाही, बँकेच्या कागदावर सही घ्यायलाही नाही. नुसते समोर बसायचे, बघायचे, आणि डोळे विझायला लागले की विचारायचे: गाव कुठले, विहीर कुठे होती, बोटीवर कोणाला पोचवले. लहानांवर माया आणि मोठ्यांचा मान, ही शिकवण हदीसमध्ये जोडीनेच आलेली आहे. मान म्हणजे सलाम करून पुढे निघून जाणे, इतकाच अर्थ आपण करून ठेवला आहे. थोडे थांबणे हाही मानच.

हळदणकर त्या यात्रेकरूसमोर बसले, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपण त्याच्याबद्दल बोलतो आहोत. एक वाक्य तेवढे राहून गेले. ते आपल्या घरातल्या यात्रेकरूच्या बाबतीत राहू नये. आज इशाच्या नमाजनंतर वही उघडा आणि पहिला प्रश्न विचारा: 'दादा, तुमचे पूर्ण नाव काय?'